वारकऱ्याने उंची आसन स्वीकारावे काय?

सज्जनहो, मूर्तिजापूरकडच्या एका गावी सप्त्याची सांगता झाली. काल्याचे कीर्तन आटोपून आम्ही पाय पसरून बसलो होतो. तेव्हा एका तरुण टाळकऱ्याने भीतभीतच विचारले, "महाराज, तुमी अमेरिकेले त्या झोपून जाच्या खुर्चीत गेल्ते म्हणे. वारकऱ्याले थे चालते का जी?" मंडळी हसली. आम्हीही हसलो, आणि चहा आला म्हणून विषय बदलला. परंतु प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. टाळकऱ्याला उत्तर द्यायचे राहिले आहे, ते आज या पानांतून देत आहोत. उत्तर देताना आमची स्वतःची फजिती सांगावी लागेल. तिला इलाज नाही.

आम्ही पाठशाळेत शिकलो तेव्हा गुरुजींनी एक रीत लावून दिली होती. कोणताही वाद पुढे आला की आधी विषय मांडावा, मग संशय, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, आणि शेवटी सिद्धान्त. मीमांसकांची ही वाट जुनी आहे, पण तिच्यावरून चालले म्हणजे स्वतःला सोयीचे तेवढेच बोलायची सवय मोडते. म्हणून त्याच वाटेने जाऊ.

विषय असा. आमच्या गावचा एक मुलगा पुण्यात शिकून पुढे क्यालिफोर्नियात नोकरीला लागला. लहानपणी तो आमच्या कीर्तनात टाळ धरून उभा राहत असे. त्याने आणि तिकडच्या चार मराठी कुटुंबांनी मिळून आम्हांला बोलाविले. २०२५ च्या वैशाखात जावयाचे ठरले. आम्ही बिदागी घेत नाही हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने बिदागीचा शब्द काढला नाही, फक्त तिकीट पाठविले. आमचे गुडघे गेलेले, कंबर धरलेली. तेव्हा तिकीट त्याने बिझनेस क्लासचे काढले. फोनवर म्हणाला, "काका, सोळा तास बसून तुम्हांला उठता येणार नाही. एवढं माझं ऐका." आम्ही ऐकले.

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला विमान सुरू झाले होते. पण आम्ही जुन्या सवयीने अकोल्याहून रात्रीच्या अमरावती-मुंबई एक्सप्रेसने, स्लीपरच्या बाकावर, उशाशी पिशवी घेऊन निघालो. त्या रात्री शेजारच्या बाकावर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आम्ही आपण होऊन खालचा बाक त्यांना दिला आणि मधल्या बाकावर चढलो. गुडघा दुखला, पण देण्याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. सज्जनहो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास, आणि सिंगापूरहून स्यानफ्रान्सिस्को पंधरा तासांच्या आसपास. विमान सिंगापूर एअरलाइन्सचे. या नावाने ही कंपनी १९७२ साली उभी राहिली, आणि आदरातिथ्यासाठी तिची ख्याती जगभर आहे. ती खोटी नाही. आमच्या विमानात २५३ आसने होती. त्यांत ४२ बिझनेस क्लासची, २४ मधल्या वर्गाची आणि १८७ साधी. आमच्या वाट्याला आलेली खुर्ची म्हणजे एक लहानशी खोलीच म्हणा ना. तीत बसता येते, पाय लांबविता येतात, आणि रात्री पाठ मोडून टाकली की साडेसहा फुटांचा सपाट बिछाना होतो. दोन्ही बाजूंना आडोसा. पांघरूण मऊ, उशी मऊ. विमानात चढताना आमच्या रांगेला आधी बोलावणे, उतरताना आम्हांला आधी वाट. आसनापाशी पोचल्याबरोबर एका तरुण मुलीने येऊन, नाव घेऊन आमचे स्वागत केले. पुढे तिनेच वाकून आमच्या पायांजवळ सपाता ठेवल्या. आम्ही गडबडून हात जोडले. तिनेही हात जोडले. वारीत आपण एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो, तेव्हा कोण कोणापुढे वाकतो याचा हिशेब नसतो. येथे ती वाकत होती आणि आम्ही बसलो होतो. पहिल्यांदा ते आम्हांला टोचले. दुसऱ्यांदा कमी टोचले. तिसऱ्यांदा टोचले नाही.

आता या आसनाची किंमत. परतीसह तिकीट चार लाखांच्या घरात होते, साध्या आसनाच्या कितीतरी पट. आमच्या वऱ्हाडी माणसाला लाखाचा हिशेब कळत नाही, कापसाचा कळतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे चार लाखांना त्रेपन्न क्विंटल कापूस झाला. कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल पिकले तर आपण बरे वर्ष म्हणतो. एका म्हाताऱ्याला पाठ टेकता यावी म्हणून नऊ-दहा एकरांचे वर्षभराचे पांढरे सोने त्या आसनात घातले गेले. त्यातून बी-बियाणे, फवारणी, वेचणीची मजुरी अजून वजा केलेली नाही. आणि हा तो मुलूख आहे, जेथे कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी गावाला नवी राहिलेली नाही.

प्रवासाचा दिवस वैशाख वद्य एकादशीचा होता. सिंगापूरहून सकाळी निघालो. विमान पूर्वेकडे जाणारे, वाटेत तारखेची रेषा ओलांडली, आणि ज्या तारखेच्या सकाळी निघालो त्याच तारखेच्या सकाळी जाऊन पोचलो! मधे एक रात्र आली नि गेली, पण तारीख हलली नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते, आणि ती साऱ्या पृथ्वीला एकाच वेळी लागते नि संपते. सूर्योदय मात्र जागोजागी निराळा. त्यामुळे आमचा उपास अडतीस-चाळीस तासांचा झाला. समोर नाना तऱ्हेचे खाद्यपदार्थ आले, ते आम्ही परत पाठविले. थोडी फळे आणि पाणी घेतले. मनात म्हटले, पहा, एवढ्या ऐश्वर्यात राहूनही नेम मोडला नाही. खरे सांगावे तर आम्हांला त्या वेळी स्वतःचे फार कौतुक वाटले.

दिवे मंद झाले. मुलीने बिछाना करून दिला. पाय मोकळे करावेत असे वैद्यांनी बजावले होते, कारण फार वेळ एका जागी बसले तर पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय असते. म्हणून आम्ही उठलो आणि पडदा सारून मागे गेलो. वर्गावर्गांच्या मधे पडदा असतो. कापडाचाच, भिंतीचा नव्हे. पलीकडे गेलो तो रांगांमागून रांगा, माना वाकड्या करून झोपलेली माणसे, कडेवरची रडून थकलेली लेकरे. आणि एका मधल्या आसनावर नऊवारीतली एक बाई टक्क जागी. आम्हांला पाहताच म्हणाल्या, "महाराज, तुमी आमच्याकडं सप्त्याले आल्ते ना जी?"

अकोल्याच्या होत्या. यजमान शेजारी पेंगत होते. लेक बाळंत झालेली, तिच्याकडे निघाल्या होत्या. वय आमच्याएवढेच. पाय सुजून चपला निघाल्या होत्या, त्या आसनाखाली सारलेल्या. आम्ही म्हटले, "बाई, त्रास होतोय काय?" त्या म्हणाल्या, "होते थोडं. पण नात पाह्याची हाये न, मग काय होते?" थोडे बोललो. त्यांनी खाली वाकता येईना म्हणून बसूनच नमस्कार केला. आम्ही "रामकृष्ण हरि" म्हटले आणि परत फिरलो.

पडद्यापाशी आलो तेव्हा मनात स्पष्ट शब्दांत विचार आला की आपले आसन चार तास तरी त्यांना द्यावे. लगेच दुसरा विचार आला की तसे करू देत नसतील, नियम असेल. तिसरा आला की बाईंनाच अवघडल्यासारखे होईल. चौथा आला की त्या मुलाने तिकीट आपल्यासाठी काढले आहे, ते दुसऱ्याला देणे म्हणजे त्याच्या भक्तीचा अनादर. पाहा, शास्त्र शिकलेल्या माणसाला कारणांचा तोटा नसतो! नियम आहे की नाही हे विचारायला त्या मुलीजवळ दोन पावले जायचे होते. आम्ही गेलो नाही. आम्ही जाऊन निजलो, आणि झोपही गाढ लागली.

हा झाला विषय. संशय असा की, या सगळ्यात दोष कोठे आहे? विमानात, उंची आसनात, ते स्वीकारण्यात, की आणखी कशात?

पूर्वपक्ष म्हणतो, दोष काही नाही, उगाच बाऊ करू नये. पहिले म्हणजे, वाहनात दोष नाही. बौधायनाने समुद्रप्रवासाला पातकांत गणले आणि पुढच्या निबंधकारांनी त्याला कलिवर्ज्यांत घातले, हे आम्ही पाठ केलेले आहे. पण तो निर्बंध काळाने केव्हाच मागे टाकला. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते, आणि खंजिरीचा आवाज समुद्रापलीकडे पोचला म्हणून वऱ्हाडाला धन्य वाटले. गाडगेबाबा गावोगाव मोटारीने फिरत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, अमरावतीकडे येतानाच त्यांचा देह पडला. वाहनाने त्यांचे वैराग्य बाटले असे कोणी म्हणणार नाही. दुसरे म्हणजे, देह हे साधन आहे. कठोपनिषदाने त्याला रथ म्हटले आहे. रथाची चाके निखळली तर रथी कोठे जाणार? गुडघे सांभाळणे हा भोग नाही. तिसरे म्हणजे, देणाऱ्याने प्रेमाने दिले. प्रेमाने दिलेले नाकारणे यात वैराग्य कमी आणि वैराग्याचा डौल अधिक असतो. चांगदेव वाघावर बसून आले तो डौल होता, हे आपण कीर्तनात सांगतो. पण "मी वाघावर बसत नाही" असे दहा जणांना सांगत सुटणे हाही वाघच की.

पूर्वपक्ष बलवान आहे. विशेषतः तिसरा मुद्दा खोडणे सोपे नाही, आणि आम्ही तो खोडणार नाही.

उत्तरपक्ष तुकोबांपासून निघतो. कीर्तनकाराला तुकोबांनी जी मर्यादा घालून दिली ती प्रत्येक फडावर शिकविली जाते. जेथे कीर्तन करायचे तेथे जेवू नये, बुका-माळेची अपेक्षा धरू नये, एवढेच काय, आपल्या तट्टाला वा बैलाला दाणा-वैरणसुद्धा मागू नये, आणि पैसा घेणारा तसाच देणाराही अधोगतीला जातो, असा त्यांचा कडक निवाडा आहे. तट्टाची वैरण म्हणजे काय? जाण्यायेण्याचा खर्च! आजच्या भाषेत विमानाचे तिकीट. म्हणजे "मी बिदागी घेतली नाही, फक्त तिकीट घेतले" असे म्हणून जी पळवाट आम्ही मनाशी धरली होती, ती तुकोबांनी पावणेचारशे वर्षांपूर्वीच बुजवून ठेवली आहे.

येथे कोणी म्हणेल, मग क्यालिफोर्नियात कोणी कीर्तन करायलाच जाऊ नये काय? आपल्या खिशातून तिकीट काढून जाणारा कीर्तनकार वऱ्हाडात कोठून आणावा? आमचे उत्तर असे की, तुकोबांच्या शब्दांत मागू नये असे आहे. न मागता यजमानाने वैरण टाकली तर तट्टू उपाशी ठेवावे असे नाही. येवढी सवलत जुन्या जाणत्यांनीही घेतलेली आहे. परंतु वैरण निराळी आणि चांदीचे खोगीर निराळे. साधे तिकीट ही वैरण. तेवढ्याने तट्टू पोचते. त्याच्यावर जे काही आहे, आधी बोलावणे, नाव घेऊन स्वागत, आडोसा, सपाता, त्यातले थोडे गुडघ्यांसाठी असेल, बाकीचे मानासाठी आहे. शिवछत्रपतींनी तुकोबांकडे दिवट्या, छत्री, घोडे पाठविले ते कोणी वाईट हेतूने पाठविले नव्हते. प्रेमाने नि आदरानेच पाठविले होते. तरी तुकोबांनी ते परत केले, कारण त्यांत मान होता, आणि मान हा आपल्याला पचणारा पदार्थ नाही हे ते जाणून होते.

आणखी एक वैरण आहे, ती दिसत नाही. ऐसपैस बसणाऱ्याच्या वाट्याला विमानातली जागा जास्त जाते, म्हणून इंधनाचा वाटाही त्याच्याच नावावर जास्त पडतो. २०१३ साली जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी हिशेब केला, तेव्हा बिझनेस क्लासच्या प्रवाशाच्या नावावर साध्या प्रवाशाच्या सुमारे तिप्पट धूर निघाला. पावसाचे मान बिघडले की पहिला फटका कोरडवाहू रानाला बसतो, हे वऱ्हाडाला सांगायला नको.

एवढ्याने निकाल लागला असे आम्हांला वाटले होते. खोगीर नाकारावे, वैरण घ्यावी, संपले. पण मूळ दुखणे अजून खाली होते. ते आम्हांला आमच्याच तोंडच्या कथेने दाखविले.

अमेरिकेहून आम्ही ज्येष्ठ सरता सरता परतलो. पुढे भाद्रपदात एका खेड्यात सप्ता होता. मंडळींनी नेहमीप्रमाणे सतरंजी अंथरली होती. आम्ही बसलो, आणि तोंडातून सहज निघून गेले, "अहो, गादी नाही का? निदान तक्क्या तरी." विणेकरी म्हातारे गृहस्थ. त्यांनी पोराला पाटलाच्या घरी पिटाळले आणि आमच्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "मांगच्या साली तं सतरंजीवरच बसले होते महाराज." गादी आली. आम्ही तिच्यावर बसलो. त्या रात्री निरूपणात जडभरताचे आख्यान घ्यायचे ठरले होते.

आख्यान आपणां सर्वांस ठाऊक आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातले. सिंधुसौवीर देशाचा राजा रहूगण पालखीत बसून निघाला. कोठे? कपिलमुनींकडे, आत्मज्ञान ऐकायला! इक्षुमतीच्या काठी एक भोई कमी पडला, तेव्हा वाटेत दिसलेल्या धट्ट्याकट्ट्या जडभरताला धरून आणून दांडीला लावले. भरत खाली मुंग्या पाहून पाऊल टाकी, त्यामुळे पालखी हिंदकळे. राजा आधी कुत्सितपणे बोलला, की बिचारा फार थकलास, फार दूरवर एकट्यानेच ओझे वाहिलेस वाटते. मग संतापला, शिक्षेची भाषा बोलू लागला. भरताने शांतपणे विचारले, ओझे कोणाचे, वाहणारा कोण, आज जो धनी आहे तो उद्याही धनीच राहील हे कोणी ठरविले? राजाला लख्ख प्रकाश पडला. आणि व्यासांनी पुढे जे सांगितले आहे तेच या कथेचे मर्म. राजा पालखीतून खाली उतरला आणि भरताच्या पायांवर पडला.

हे आख्यान आम्ही चाळीस वर्षे सांगत आहो. त्या रात्री "राजा खाली उतरला" येथपर्यंत आलो आणि शब्द घशात राहिला. मृदंगवाल्याला वाटले चाल विसरलो, त्याने ठेका धरून ठेवला. आम्हांला समोर पडदा दिसत होता, पडद्यापलीकडचे सुजलेले पाय दिसत होते, आणि खाली गादी होती.

रहूगण पालखीत बसला हा व्यासांनी त्याचा अपराध मानलेला नाही. ज्ञान ऐकायला पालखीतून निघालेला राजा थट्टेचा विषय खरा, पण तो उतरू शकला म्हणून तरला. आम्ही अकोल्याच्या गाडीत एका अनोळखी बाईला खालचा बाक क्षणात दिला, आणि दोन दिवसांच्या आत विमानात, तेच गुडघे, तेच हात, तीच माळ गळ्यात, उठू शकलो नाही. मधल्या दोन दिवसांत आमची बुद्धी पालटली नाही, शास्त्र विसरले नाही, एकादशीही मोडली नाही. फक्त आसन पालटले. गाडीतला बाक आमच्याखाली होता. विमानातले आसन आमच्या डोक्यात शिरले, आणि भाद्रपदापर्यंत तेथेच होते. नाहीतर सतरंजीवर बसताना गादी कशाला आठवली असती?

एकादशीचा विचार येथे पुन्हा करावा लागतो. जिभेचा नेम पाळला म्हणून मन इतके संतुष्ट झाले की दयेचा नेम मोडला तेव्हा त्याला पत्ताच लागला नाही. उपासाने आलेली ऐट हीसुद्धा एक उंची खुर्चीच होती. एका रात्री आम्ही दोन उंच आसनांवर बसलो होतो, आणि त्यांतले दुसरे तिकिटावर लिहिलेले नव्हते.

तेव्हा सिद्धान्त असा. आसन उंच असणे हा दोष नाही. ज्या आसनावरून गरज पडताच उठता येत नाही, ते आपल्याला सोसत नाही असे समजावे. हे प्रत्येकाने आपले आपण पाहावयाचे आहे, दुसऱ्याचे मोजायचे नाही. येथे अधिकारभेद आहे. एखाद्या मुलाने आपल्या कमाईतून आजारी आईला असे तिकीट काढून दिले, तर त्या माउलीने आनंदाने निजून जावे. हा लेख वाचून कोणाच्या आईच्या पाठीला टोचू लागले तर तो दोष आमच्या माथी येईल. दिवसरात्र काम करून, उतरल्याबरोबर पुन्हा कामावर उभे राहावे लागणारा माणूस त्या आसनात चार तास झोपला, तर त्याच्याकडे बोट दाखवायचे आम्हांला कारण नाही. आणि गांधीजींप्रमाणे तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसणारा प्रत्येक माणूस गांधीजी होत नाही, हेही तितकेच खरे. परंतु जो गळ्यात वीणा घालून चार लोकांना नम्रता सांगतो, त्याला आसनाची बाधा लवकर होते, कारण त्याला आधीच लोक उंचावर बसवितात. त्याने जपून राहावे.

आणि संशय आला तर पारखायची खूण सोपी आहे. खालच्या जागेवर परत आल्यावर मन कुरकुरते का ते पाहावे. शेगावची गजानन महाराजांची पालखी महिनाभर पायी चालून पंढरीला पोचते. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते. पालखीत कोण असते? पादुका असतात. आपण चालतो. पालखीत बसायचे कोणी आणि चालायचे कोणी, हे पूर्वजांनी आपल्याला दरवर्षी डोळ्यांपुढे धरून शिकविले आहे. गुडघ्यांमुळे आता आम्हांला सगळी वाट चालवत नाही, तरी अकोल्यावरून पालखी जाते तेव्हा कोसभर तरी तिच्या मागे जातो. यंदा त्या कोसभराचे मोल आम्हांला नव्याने कळले.

पुढचे थोडक्यात सांगतो. क्यालिफोर्नियाच्या मंडळींनी पुन्हा बोलाविले आहे. आम्ही त्या मुलाला लिहिले की, यायचे तर साध्या आसनाने येऊ, कडेची जागा मिळाली तर गुडघ्याला बरे. आणि प्रकृतीने तेवढेही झेपणार नाही असे वैद्यांनी म्हटले तर येणार नाही, येथूनच नामस्मरण करू. वाचलेले पैसे अन्नदानाला द्यावेत असे लिहायचा मोह झाला होता. कागदावर लिहिलेसुद्धा, मग खोडले. तसे लिहिले असते तर आमच्या वैराग्याची किंमत लाखांत ठरून तिची पावती झाली असती. त्याचे पैसे त्याचे आहेत. त्याने आम्हांला प्रेमाने दिले होते, त्या प्रेमाबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहो, हेही लिहिले.

राहिल्या त्या अकोल्याच्या बाई. त्या परत आल्याचे कळले तेव्हा पत्ता काढून आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो आणि पडद्यापाशी काय विचार आला होता, तो कसा मोडला, हे जसेच्या तसे सांगितले. बोलताना मान वर होत नव्हती. बाई आधी समजल्याच नाहीत. मग हसू लागल्या. म्हणाल्या, "महाराज, तुमच्या खुर्चीत मले झोप आली अस्ती का जी? माह्या जीव त् लेकीपाशी होता." मग नातीचा फोटो दाखविला. निघताना दारापर्यंत आल्या, आणि म्हणाल्या, "पण इचारलं अस्तं तं बरं वाटलं अस्तं."

त्या एका वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. टाळकऱ्याच्या प्रश्नाला मात्र आता आहे. बाबा रे, मला ते चालले नाही. तुला चालते का, हे तू आसनावरून उठून पाहा.

रामकृष्ण हरि.